कोंबड्यांची पावडर आणि गावाचं पोट

सासऱ्यांनी कोंबड्यांचं खाल्लंय, हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं. पांढऱ्या मिशीच्या एका टोकाला पिवळसर भुकटी चिकटली होती आणि आबा कधी नव्हे ते जेवणानंतर शांत बसले होते.

त्यांच्या शांत बसण्याचं एवढं काय, ते आधी सांगायला हवं. आबांना गॅसचा त्रास. दुपारचं जेवण झालं की ते अंगणात येरझारा घालायचे आणि वळताना एक ढेकर द्यायचे. ढेकर असा, की शेडमधल्या पहिल्या ओळीतल्या कोंबड्या माना वर करून ऐकायच्या. नवीन आणलेल्या कोंबड्या तर पहिले काही दिवस बिचकायच्या. मग त्यांनाही सवय व्हायची.

खुटबावच्या शिवारात आमची अंड्यांची पोल्ट्री आहे. मिस्टर सणसवाडीला कंपनीत कामाला, चौफुल्यावरून बसने जातात-येतात. त्यामुळे पोल्ट्री माझ्याकडे. मका भरडायचा, सोयापेंड मिसळायची, कोंबड्या चोच लावून पितात त्या पाण्याच्या निपला तपासायच्या, अंडी गोळा करायची, हे सगळं मी आणि कामाला येणाऱ्या दोघी बायका मिळून बघतो. लग्न होऊन आले तेव्हा मला कोंबडीची भीती वाटायची. आता कोंबडी नुसती कशी उभी आहे यावरून तिचं काय बिनसलंय ते कळतं.

तर आमच्याकडे इतरांसारखंच चालायचं. विष्ठा पातळ दिसली की पाण्यात अँटिबायोटिक. पाऊस आला की अँटिबायोटिक. ऊन वाढलं की अँटिबायोटिक. आणि काहीच झालं नाही तरी खाद्यात एक मूठ, कारण शेजारचे टाकतात. ती पांढरी पावडर खाद्याच्या खोलीत डब्यात भरून ठेवलेली असायची, घरात साखर असते तशी.

मग आमची अंडी घेणाऱ्या पुण्यातल्या बाईंचा फोन आला. त्यांचं दुकान मोठ्या वस्तीत, गिऱ्हाईक चौकस. त्यांनी आमची अंडी तपासून घेतली होती. "ताई, तुमच्या अंड्यांत औषध निघालंय," त्या म्हणाल्या. "तुमची अंडी छान असतात हो, पण माझ्या गिऱ्हाइकाला नाश्ता हवाय. डोस नकोय."

मला ते फार लागलं. मी आमच्या पोल्ट्रीच्या डॉक्टरांना बोलावलं. हे जनावरांचे डॉक्टर, स्वभावाने तापट, पण माणूस सरळ. ते सगळं शेड फिरले, पाण्याच्या टाकीत हात घालून आतलं शेवाळ माझ्या समोर धरलं आणि म्हणाले, "वहिनी, आधी हे धुवा. अँटिबायोटिक आजारावर असतं, शेवाळावर नसतं."

टाकी धुतली. पाइप धुतले. त्यांच्या सांगण्यावरून पांढरी पावडर बंद केली. मग त्यांनी एका कंपनीची वनस्पतींची पावडर सुचवली. ओवा, लसूण, दालचिनी, हळद यांचा अर्क. "कोंबडीचं आतडं चांगलं राहतं, खाल्लेलं अंगी लागतं. पण जादू नाही ही. स्वच्छता ठेवली तरच उपयोग. आणि कोंबडी खरंच आजारी पडली तर मला फोन करा, ओवा देत बसू नका." खाद्याच्या टनाला अर्धा किलो, एवढं प्रमाण.

पोती आली आणि वासाचा घोळ सुरू झाला.

पहिल्या दिवशी मिक्सर फिरवला तर सगळ्या वस्तीवर फोडणीचा वास. नुसती फोडणी नाही, पाहुणे येणार असतात तेव्हाची. सकाळी साडेनऊला वायरमन मीटर बघायला आला, तो मीटर बघून झालं तरी जाईना. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, पुन्हा पाणी मागितलं. शेवटी मी विचारलं, "काय राहिलंय का?" तर म्हणाला, "न्हाई, स्वयंपाक व्हतोय तर थांबतो म्हणलं." त्याला पोहे करून दिले. ते खाताना त्याचं तोंड फसवल्यासारखं झालं होतं.

मिस्टरांची वेगळीच पंचाईत. त्यांचे कपडे दोरीवर शेडच्या बाजूला वाळायचे. कंपनीच्या कँटीनमध्ये ते बसले की शेजारचे पोळीचा तुकडा मोडून तयार. वास मटणाचा आणि डब्यात भेंडी. हा माणूस मटण वाटेत एकटाच खाऊन येतो, असा तिथे बोभाटा झाला. बिहारकडचा त्यांचा एक दोस्त तर बोलायचाच बंद झाला. शेवटी एका रविवारी त्याला घरी बोलावून पोत्याचा वास द्यावा लागला. तो पोत्यात डोकं घालून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "भाभी, मुर्गी को ज़िंदा ही मसाला लगा दिया?"

अशात आबांची मिशी पिवळी दिसली.

"आबा, काय खाल्लंत?"

"कुठं काय."

"मिशीला लागलंय."

त्यांनी मिशी पुसली, बोटाचा वास घेतला आणि मग लपवण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं असावं. "कोंबड्यांचंच खाल्लं. चमचाभर. काल बी खाल्लं व्हतं. पोरी, दहा वर्सांत पोट असं हलकं न्हवतं."

 मी डॉक्टरांना फोन लावला. ते कुठेतरी रस्त्यात होते, मागून ट्रकचा आवाज येत होता.

"डॉक्टर, आपली पावडर पोटात गेली."

"मग जायलाच पाहिजे."

"कोंबड्यांच्या नाही, आबांच्या."

पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. "वजन किती आहे?"

"आबांचं?"

"नाही, नाही. सवयीने विचारलं. उलटी वगैरे? नाही ना? मग पाणी पाजा. ओवा-लसूणच आहे, पण त्यात भरीला दुसरी भुकटी मिसळलेली असते, ती माणसांसाठी तपासलेली नसते. पुन्हा देऊ नका. आणि त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या."

आबांनी शेवटचं वाक्य ऐकलं. "मानसांच्या डॉक्टरची औषधं दहा वर्सं खाल्ली," ते म्हणाले. "त्यांनी फकस्त खिसा हलका केला."

मी खाद्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि विषय संपला असं समजले.

दोन दिवसांनी शेजारच्या वस्तीवरचे मामा आले. नात्यातले नाहीत, पण सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो. हातात झाकण लावलेली वाटी. "कोंबड्या बघाया आलो," म्हणाले. मामांनी आयुष्यात कधी आमच्या कोंबड्यांकडे पाहिलं नव्हतं. ते शेडपर्यंत गेले, एका कोंबडीला "बरी हाईस का?" असं विचारलं आणि आबांच्या खाटेवर जाऊन बसले. जाताना वाटी जड वाटली. मला वाटलं, आबांनी चार अंडी दिली असतील.

मग कोंबड्या बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पिशवी घेऊन म्हाताऱ्या आल्या. भांडगावचा एक जण मोटरसायकलवर बायकोला मागे बसवून आला. प्रत्येक जण शेडच्या दारात मिनिटभर उभा राहून "छान हायत, छान हायत" म्हणायचा आणि मग आबांच्या खाटेकडे वळायचा. आमच्या कोंबड्यांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून मी खुळ्यासारखी प्रत्येकाला चहा देत होते.

एक दिवस चहाचा ट्रे घेऊन मागच्या बाजूने गेले आणि सगळं दिसलं. आबा खाटेवर. शेजारी उशीखालून काढलेली दुसरी किल्ली. समोर आमचा खाद्याचा वजनकाटा, आणि काट्यावर मामांची बायको, चपला काढून, पदर सावरून उभी.

"विष्ठा कशी हाय?" आबा विचारत होते.

"काय?"

"पातळ का घट्ट? रंग सांग. हिरवट न्हाई ना?"

हे सगळे प्रश्न डॉक्टर मला विचारायचे तेव्हा आबा बाजूला बसून ऐकत असायचे. ते त्यांनी जसेच्या तसे उचलले होते. मामी लाजेने लाल झाल्या होत्या, पण उत्तरं देत होत्या. आबांनी काट्याकडे पाहिलं, डोळे मिटून हिशेब केला. "टनाला अर्धा किलो. तुझं टनाचं काय न्हाई. चिमूटभर घे, सकाळी. आन् ह्या वयात पिसं गळायची, घाबरू नगं." पिसांचं कुठून आलं, ते आबांनाही माहीत नसावं.

मी तिथेच ट्रे खाली ठेवला आणि दुसरी किल्ली मागून घेतली. मामी काट्यावरून उतरताना म्हणाल्या, "पोरी, किती भरलं ते तर सांग."

मला कळलं की पोतं महिनाभर पुरायला हवं ते अर्ध्यातच का संपत होतं. मी दोनदा लवकर माल मागवला होता. आणि पावडरच्या कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांनी त्याचा त्यांच्या परीने अर्थ लावला होता. एवढा माल जातोय म्हणजे रिझल्ट फारच चांगला असणार. त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या शेडवर शेतकरी मेळावा घ्यायचा आहे. मंडप आमचा, जेवण आमचं."

नाही म्हणायला हवं होतं. पण मिस्टरांना मंडपाची हौस.

मेळाव्याला शंभरेक माणूस येईल असा साहेबांचा अंदाज होता. मंडप भरून माणसं बांधावर बसली. पोल्ट्री असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी पोटवाली. फलकावर एक लठ्ठ कोंबडी अंगठा दाखवत होती. कोंबडीला अंगठा कुठून आला, यावर पुढच्या रांगेत बराच वेळ चर्चा झाली. मग साहेब माइकवर आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"या पावडरमुळे पचन सुधारतं," साहेब म्हणाले.

"व्हय!" अख्खा मंडप.

साहेब खूश. "आतड्यातले वाईट जंतू कमी होतात, चांगले वाढतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमी खाद्यात वजन वाढतं."

इथे बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मागून एक आजी उभ्या राहिल्या. "कमी खाऊन वजन वाढतं म्हनता?"

"हो आजी, तेच तर वैशिष्ट्य!"

"मग आदी का न्हाई सांगितलं? माजं त्येच दुकनं हाय. गुडघं गेलं माजं वजनापायी."

साहेब हसले. त्यांना वाटलं, खेड्यातला विनोद असेल. "आता एखाद्या शेतकऱ्याचा अनुभव ऐकू या. वापर सुरू केल्यावर तुम्हाला पहिला फरक काय जाणवला?"

मामांनी माइक हातात घेतला. टोपी नीट केली. "पयल्याच दिवशी गॅस सुटला."

"कोंबड्यांचा?"

"कोंबड्यांचं मला काय ठावं. माज्याकडं कोंबड्याच न्हाईत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. एकाने गोळीच्या रूपात मिळेल का विचारलं, दुसऱ्याने गुळाबरोबर घेतली तर चालेल का विचारलं. साहेबांनी पोतं उलटं करून त्यावरची ओळ मोठ्याने वाचली, "फक्त पशुखाद्यासाठी!" तशी भांडगावचा तो मोटरसायकलवाला म्हणाला, "सायेब, बाटलीवर बी लिवलेलं असतंय आरोग्यास हानिकारक. म्हनून काय कुनी थांबलं का?"

मंडप हसला. आमचे डॉक्टर व्याख्यानासाठी आले होते, ते खुर्चीतून उठून माइककडे निघाले. तेवढ्यात मामांनी हसत हसत शेवटचं वाक्य टाकलं. "ही पावडर चांगलीच हाय. पर आदीची पांढरी बी लई भारी व्हती. खोकल्याला, दाढंला. आबांनी दिली की दोन दिसांत मोकळं."

डॉक्टर जागच्या जागी थांबले.

मी आबांकडे वळले. आबा मंडपाच्या छताकडे पाहत होते, जणू तिथे गळतंय. माझ्या हसऱ्या चेहऱ्याचं काय करावं मला कळेना. साखरेसारखी डब्यात ठेवलेली ती पांढरी पावडर वर्षानुवर्षं पुड्या बांधून गावात जात होती, आणि मी तो डबा भरून ठेवत होते.

"कोणी कोणी घेतली?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी हळू. आधी एक हात वर आला, मग पाच-सहा, मग मोजता येईनात. कुणालाच त्यात लाजण्यासारखं वाटत नव्हतं. आजींनी तर दोन्ही हात वर केले.

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी माइक हातात घेतला. "रोज थोडं थोडं औषध दिलं की जंतू त्याला सरावतो. मग मोठा डोस दिला तरी तो मरत नाही. म्हणून मी कोंबड्यांचं बंद करायला सांगितलं. आणि तुम्ही कोंबड्यांचंच खाताय. उद्या खरंच न्यूमोनिया झाला, तर तुमचे डॉक्टर काय देणार? ओवा?"

 लहान मूल मांडीवर घेतलेल्या एका बाईने विचारलं, "म्हंजी पोराला दिली असंल तर?" डॉक्टर तिच्याजवळ जाऊन बसले आणि मग त्यांचं व्याख्यान तिथेच, जमिनीवर, एकेकाशी झालं. साहेबांनी व्हिडिओसाठी लावलेला पडदा मागे रिकामाच चमकत होता. जेवणात रस्सा तिखट होता. साहेब दोन घास खाऊन पोट धरून बसले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण पुडीसाठी हात खिशात घातला नाही. त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

घरी मात्र मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच धोतर बदलून, टोपी घालून ओट्यावर येऊन बसले. "चल," म्हणाले, "मानसांच्या डॉक्टरकडं."

दौंडला सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे. गॅस गॅस म्हणून इतकी वर्षं जे चाललं होतं ते हे होतं. ढेकर, ओवा, पांढरी पावडर, पिवळी पावडर, या सगळ्यांच्या मागे खडे आपले निवांत बसलेले. ऑपरेशन झालं. नर्स गोळ्या घेऊन आली तेव्हा आबांनी तिला विचारलं, "ही आजारावर हाय का सवयीची?" ती गोंधळली. मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं, कोर्स कितीचा, मधेच का सोडायचा नाही. आबांनी सगळा कोर्स घड्याळ बघून पुरा केला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही करायला लावला. त्या माणसाचं हाड मोडलं होतं, पण त्याच्याही गोळ्यांच्या वेळा आबाच सांभाळायचे.

आता ते जेवून शांत बसतात. नव्या बॅचच्या कोंबड्यांना बिचकायला काही उरलेलं नाही. खडे त्यांनी बाटलीत भरून आणलेत, आलेल्या-गेलेल्याला दाखवतात.

पुण्याच्या बाईंनी अंडी पुन्हा तपासली, स्वच्छ निघाली. साहेबांचा परत फोन आला नाही, माल मात्र वेळेवर येतो, आता महिनाभर पुरतो. कोंबड्यांचं म्हणाल तर बरं चाललंय. पावडरीने किती आणि धुतलेल्या टाकीने किती, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, "दोन्ही चालू ठेवा, भांडण लावू नका."

या हिवाळ्यात एका कोपऱ्यातल्या कोंबड्या खरंच आजारी पडल्या. घरघर, माना खाली. डॉक्टर आले, मेलेली एक उघडून पाहिली, आणि या वेळी त्यांनीच अँटिबायोटिक लिहून दिलं. पूर्ण कोर्स, आणि अंड्यांतून औषध उतरेपर्यंत त्या ओळींची अंडी विकायची नाहीत, खायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत. कोंबड्यांना हे कुठे ठाऊक. त्या रोज घालतच होत्या. मग मी बांधाच्या कडेला खड्डा खणला आणि रोज सकाळी ट्रेच्या ट्रे त्यात पुरू लागले. चांगली, गुळगुळीत, अजून कोमट असलेली अंडी. हात धजत नाही हो.

एका सकाळी मामा रस्त्याने चालले होते. लांबून त्यांना खड्डा दिसला, खोरं दिसलं, मी डोक्यावर पदर घेऊन उभी दिसले. ते वळले, जवळ आले, टोपी काढून हातात घेतली आणि माझ्या शेजारी गप उभे राहिले.  त्यांना काय वाटलंय ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"कोन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंडी, मामा."

त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना औषधाचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण टोपी लगेच घातली नाही. खोरं माझ्या हातातून घेतलं आणि माती ओढू लागले, अंडी फुटू नयेत अशी, अगदी हलक्या हाताने.